जळगावलगतच्या गावात घर करायचंय? मग या क्रमाने करा

बारा वर्षांपूर्वी, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात, आम्ही जळगावातला फ्लॅट सोडून शहरापासून आठ किलोमीटरवरच्या गावात राहायला आलो. घरात सासूबाई, आम्ही दोघं आणि सहावीतला मुलगा. मी शहरातल्या शाळेत शिकवते, रोज जाऊन-येऊन करते. आमच्या मागोमाग ओळखीपाळखीतली पंधरा-वीस कुटुंबं आसपासच्या गावांत आली. काही छान रुळली. काहींनी तीन वर्षांत घर विकायला काढलं. दोन्ही प्रकारची माणसं मी जवळून बघितली, म्हणून हा लेख.

मला फोन करणारे बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात, "मॅडम, तुमच्याकडे गुंठ्याचा भाव काय चाललाय?" भावाचा प्रश्न चौथा-पाचवा असायला हवा. गावाची शांतता आवडली म्हणून आपण येतो, पण ही शांतता राबणाऱ्या माणसांच्या वेळापत्रकावर चालते. नळ कधी येतो, शेतीपंपाची वीज कधी असते, कापूस कधी निघतो, कोणाच्या घरी कानबाई (श्रावणात घरात बसवायची खान्देशातली देवी) कधी बसते, हे सगळं त्या वेळापत्रकात आहे. ते शिकून घेतलं की इथे राहणं फार सुखाचं होतं. नाही शिकलं, तर तुम्ही वीस वर्षं राहिलात तरी गावासाठी "प्लॉटवाले"च राहता.

आखाजीला या, पोळ्यापर्यंत भाड्याने राहा

घेण्याआधी राहून बघा. आणि कधी राहायचं हे महत्त्वाचं आहे. डिसेंबरात आमचं गाव कुणालाही आवडेल. हरभरा टहाळ्याला आलेला असतो, सकाळी धुकं असतं, दारात ताजी मेथी मिळते. त्या दिवसांत प्लॉट बघायला आलेला माणूस हमखास इसार देऊन जातो. तुम्ही आखाजीला या आणि पोळ्यापर्यंत चार महिने भाड्याने राहा. मे महिन्यात पारा ४४-४५ च्या घरात जातो, पाण्याची खरी स्थिती तेव्हाच कळते. जूनच्या सुरुवातीला वादळ येतं, पत्रे उडतात, केळीच्या बागा आडव्या होतात आणि वीज किती तास जाते ते समजतं. श्रावणात रस्त्याचा चिखल, नाल्याचं पाणी आणि साप दिसतात. एवढं बघूनही गाव आवडलं, तर बिनधास्त घ्या.

खोली शक्यतो जुन्या गावात घ्या, नव्या प्लॉट भागात नको. चार महिने गावाच्या पोटात राहिलात की कोणता भाग पावसात तुंबतो, कोणत्या गल्लीला पाणी कमी दाबाने येतं आणि कोणत्या जमिनीवर भाऊबंदकीचा वाद चालू आहे, हे तुम्हाला न विचारता कळतं. कोणताही दलाल ही माहिती देणार नाही.

आखाजीची आणखी एक खूण लक्षात ठेवा. खान्देशात सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या कराराने शेतावर राबणाऱ्या गड्याचं वर्ष आखाजी ते आखाजी चालतं. या आठवड्यात शेतमालक आणि सालदार यांचे हिशोब होतात, नवे करार ठरतात, लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, पुरणपोळ्यांचे खापर चुलीवर चढतात आणि पुरुषांचे पत्त्यांचे डाव रंगतात. या दिवसांत गवंडी, प्लंबर, ट्रॅक्टरवाला कुणी मिळत नाही. आम्ही नेमके त्याच आठवड्यात सामान घेऊन उतरलो होतो. टेम्पो रिकामा करायला माणूस मिळेना. शेवटी समोरच्या घरातले नाना आणि त्यांचे दोन जावई, सासुरवाडीला आलेले पाहुणे, यांनी आमचं कपाट उतरवलं.

मग कागद

इथे घाई करू नका, आणि "गावात असंच चालतं" हे वाक्य कुणाच्याही तोंडून ऐकून घेऊ नका.

सातबारा स्वतः काढा. डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन १५ रुपयांत मिळतो. त्यातला "इतर हक्क" हा रकाना आधी वाचा. विकास सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा, कुळाचं नाव, भूसंपादनाची नोंद तिथे असते. केळी-कापसाच्या पट्ट्यात पीककर्ज नसलेली जमीन कमीच, त्यामुळे बोजा दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही. तो कमी झाल्याचा फेरफार झाल्याशिवाय मात्र पुढे सरकू नका. भोगवटादार वर्ग १ आहे की वर्ग २ हेही बघा. वर्ग २ असेल तर सरकारी परवानगीशिवाय व्यवहार होत नाही.

शेतजमिनीचा एक-दोन गुंठ्यांचा तुकडा स्वस्तात मिळतोय, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, घरापुरता पुरतोही. पण १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे असे अनेक व्यवहार वर्षानुवर्षं अडकून पडलेत. अलीकडे या कायद्यात सवलती येत आहेत, त्यामुळे तुमच्या गटाला त्या लागू होतात का, हे वकिलाकडून लेखी घ्या. सरळ रस्ता म्हणजे बिनशेती झालेला, नगररचना विभागाने मंजूर केलेल्या लेआउटमधला प्लॉट. लेआउटचा नकाशा हातात घेऊन जागेवर चाला. नकाशात दाखवलेला नऊ मीटरचा रस्ता आणि खुली जागा जमिनीवर खरोखर आहे का, पावलांनी मोजा.

जुन्या गावठाणातलं घर घेत असाल, तर त्याला सातबारा नसतो. तिथे ग्रामपंचायतीचा नमुना ८ दाखवतात. तो करआकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नव्हे. ही गल्लत फार लोक करतात. केंद्राच्या स्वामित्व योजनेत २०२० पासून गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका तयार होत आहेत. त्या घराची मिळकत पत्रिका निघाली आहे का आणि त्यावर नाव कुणाचं आहे, ते विचारा. वाडवडिलांच्या घरावर पाच भावांची नावं असतात आणि विकायला एकटा उभा असतो.

तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामसेवकांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, पण गावात विचारताना जुनीच नावं घ्या, लगेच पत्ता मिळेल. आणि एक साधी परीक्षा: कर्ज काढायचं नसलं, तरी कागद घेऊन एखाद्या बँकेत जा. बँकेचा वकील जिथे अडतो, तिथे आपणही अडावं.

जमीन हाताने बघा

हा भाग मी सविस्तर लिहिते, कारण आमचे पैसे इथे गेले.

तापी-गिरणेच्या काठची काळी माती पिकाला सोनं आहे, घराला मात्र अवघड. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात आमच्या प्लॉटवर पडलेल्या एका भेगेत मुलाने पट्टी सोडली, तीस सेंटिमीटरची. ती उभीच्या उभी आत गेली आणि टोकही दिसेना. मी हात घातला तर मनगटापर्यंत गेला, आत माती गार लागत होती. तेव्हा आम्ही हसलो. घर नीट पायावर बांधलं, पण कुंपणाच्या भिंतीला कंत्राटदाराने दोन फुटांचा पाया पुरेसा आहे म्हणून सांगितलं आणि आम्ही ऐकलं. पहिल्याच पावसाळ्यानंतर फाटकाजवळ भिंतीला तिरपी चीर गेली. पुढची कितीतरी वर्षं आमच्या फाटकाची कडी पावसाळ्यात बसायची नाही. एक खांब बोटभर सरकायचा. मार्च-एप्रिलात तो पुन्हा जागेवर यायचा आणि कडी खट्कन बसायची. शेवटी भिंत पाडून पुन्हा बांधली.

म्हणून प्लॉट पसंत पडला की व्यवहाराआधी मालकाच्या परवानगीने एका कोपऱ्यात जेसीबीने खड्डा घ्या. मुरूम किती फुटांवर लागतो ते बघा. गावाच्या उंचवट्याच्या बाजूला तो चार-पाच फुटांवर लागतो, नदीच्या बाजूला दहा-बारा फूट गेलं तरी काळीच माती निघते. त्यावर बांधकामाचा खर्च ठरतो. स्थापत्य अभियंत्याकडून पायाचं डिझाइन करून घ्या, गवंड्याच्या अंदाजावर सोडू नका. जोत्याखालची काळी माती काढून मुरूम भरा, तो थराथराने पाणी मारून धुमसून घ्या. घराच्या चारही बाजूंनी तीन फूट फरशी किंवा कोबा करा, म्हणजे पावसाचं पाणी पायाशी मुरणार नाही. जोतं रस्त्यापासून तीन फूट तरी वर घ्या. गावात रस्ता दर काही वर्षांनी नव्याने काँक्रीट होतो आणि दर वेळी चढतो; जुनी घरं अशीच खड्ड्यात गेली आहेत.

शौचालयाच्या टाकीचंही तेच. भुयारी गटार नसते, सेप्टिक टँक आणि शोषखड्डा करावा लागतो. काळ्या मातीत पाणी शोषलं जात नाही, खड्डा सहा महिन्यांत तुंबतो. मुरूम किंवा वाळूचा थर लागेपर्यंत खोल जा आणि बोअरपासून, स्वतःच्या आणि शेजाऱ्याच्याही, निदान ६० फूट लांब ठेवा.

पाणी

पहाटे साडेचारला नळातून आधी हवा येते. फुस्स, फुस्स, मग खाकरल्यासारखा आवाज, मग लालसर पाण्याची एक चूळ, आणि मग धार. तो आवाज ऐकून समोरच्या जिजी गल्लीत हाक देतात, "पानी आलं वो, उठा!" पहिलं वर्ष मी त्या हाकेवर जगले.

गावात नळ रोज येईलच असं नाही. चौथ्या दिवशी आला तर चांगला म्हणायचा, कडक उन्हाळ्यात दिवस वाढतात. जल जीवन मिशनने दरडोई दररोज ५५ लिटरचं माप धरलं आहे. पाच माणसांच्या घराला त्या हिशोबाने दिवसाला २७५ लिटर, चार दिवसांना ११०० लिटर लागतात. पण त्यात कूलर धरलेला नाही. आमचा मोठा कूलर मे महिन्यात दिवसाला सात-आठ बादल्या पाणी घेतो, हे आम्ही मोजून बघितलंय. त्यामुळे जमिनीखाली पाच हजार लिटरचा तरी हौद बांधा, तोही घराच्या पायाबरोबरच. नंतर खोदायला गेलात तर अंगण फुटतं.

नळाला थेट मोटर लावू नका. हे मी हात जोडून सांगते. नियमात बसत नाहीच, पण त्याहून मोठी गोष्ट ही की तुमच्या मोटरीने ओढलेलं पाणी गल्लीच्या शेवटच्या घराचं असतं. आमच्या रांगेतल्या एका नव्या कुटुंबाने लावली. आठ दिवसांत शेवटच्या घरातली म्हातारी हंडा घेऊन त्यांच्या दारात येऊन बसली. भांडली नाही, नुसती बसली. मोटर निघाली, पण त्या घराशी गल्लीचं बोलणं पुढे कितीतरी दिवस बंद होतं.

बोअरचं पाणी वापराला ठीक, पिण्याआधी तपासून घ्या. जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण यंत्रणेची प्रयोगशाळा असते, तिथे नमुना देता येतो. विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगले. दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेण्याची मुभा मानकात आहे. आमच्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, कूलरच्या जाळीवर महिन्यात पांढरा थर बसतो. फिल्टरचे जार घरी येतात, पण सगळा भरवसा त्यावर ठेवू नका.

आणि छताचं पाणी वाया घालवू नका. आपल्याकडे पाऊस सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर वर्षाला साठ हजार लिटरच्या वर पाणी पडतं. पन्नास हजार लिटर जरी बोअरजवळच्या खड्ड्यात मुरवलं, तरी मे महिन्यात फरक कळतो. घर बांधतानाच पाइप एका कोपऱ्यात आणून ठेवले तर खर्च अगदी किरकोळ येतो.

ऊन

जुनी धाब्याची घरं बघायला जा. जाड मातीच्या भिंती, मातीचं सपाट छत, लहान खिडक्या. मे महिन्याच्या दुपारी आत गेलं की अंगावरचा घाम सुकतो. शहरातल्यासारख्या पश्चिमेला मोठ्या काचा लावून घर बांधणारे नंतर त्यावर गोणपाट टांगतात. पश्चिमेला जिना, न्हाणीघर, कोठार असं काही घ्या. स्लॅबवर दर मार्चमध्ये चुना मारा. कडुनिंब लावा, पण पायापासून वीस-पंचवीस फूट लांब.

उन्हाळ्यात दिवसाचे तुकडे पडतात. पहाट ते दहा कामं, संध्याकाळी पाचनंतर पुन्हा कामं. दुपारी एक ते चार कुणाच्या दाराची कडी वाजवू नका, घरातली माणसं पहाटे चारपासून राबून आडवी झालेली असतात. रात्री जेवणं झाली की गच्चीवर पाणी शिंपडून अंथरुणं पडतात. त्याच गच्चीवर दिवसा कुरडया, पापड, शेवया आणि ज्वारीचे बिबडे वाळतात. शेजारची बाई "बिबडे घालायला येता का?" असं विचारेल. कितीही कंटाळा आला तरी जा. पहाटे पाचला चिकाचं पातेलं उतरलं की ओल्या कापडावर हाताने ते पसरायचे असतात, ऊन चढायच्या आत. मला एक बिबडा गोल यायला दोन उन्हाळे लागले. पण माझी गावातली पहिली मैत्री त्या कापडाच्या काठावर झाली.

माणसं

गावात पहिला प्रश्न येईल, "कोनत्या गावचे तुम्ही?" जळगावचे, पुण्याचे असं उत्तर पुरत नाही. मूळ गाव, आजोळ, सासर असं सगळं विचारतील. शहरातून आलेल्यांना ही चौकशी खटकते. मनात धरू नका. विचारणारा तुम्हाला आपल्या माहितीतल्या कुठल्यातरी माणसाशी जोडून बघत असतो. माझ्या आजीचं माहेर यावल तालुक्यातलं निघालं आणि त्याच गावात नानांची बहीण दिलेली; त्या दिवसापासून आम्ही "आपल्या यावलकडचे" झालो.

बोली कानावर पडू द्या. जळगाव-भुसावळ-यावलच्या बाजूला लेवा बोली, अमळनेर-पारोळा-धुळ्याकडे अहिराणी. "घरले चाला", "काय करी ऱ्हायना भाऊ?" हे समजायला आठवडा पुरे. बोलता नाही आली तरी चालेल, पण नक्कल करून हसू नका. मोठ्यांना नाना, आप्पा, तात्या, जिजी, आक्का म्हणा; "काका-काकू" किंवा "अंकल" म्हणालात की अंतर राहतं.

गावात मयत झाली तर जा. ओळख असो नसो, तुमच्या गल्लीतली असेल तर पुरुषांनी स्मशानापर्यंत आणि बायकांनी नंतर दारावर जाऊन बसायचं. काही बोलावं लागत नाही. चहा नको, पाणी नको, दहा मिनिटं बसून उठायचं. गंधमुक्तीच्या (सुतक फिटल्याच्या) दिवशी पुन्हा एकदा. लग्नाला एखादे वेळी नाही गेलात तर चालतं, दारावर नाही गेलात तर लक्षात राहतं.

लग्नाचं आवतण आलं की नीट ऐका, एकाला आहे की चूलबंद. चूलबंद म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरात चूल पेटायची नाही, सगळ्यांनी जेवायला यायचं. वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्याच्या भाजीची पंगत बसते. पहिल्या पंगतीत जेवून निघून येऊ नका. माझ्या नवऱ्याने दुसऱ्या वर्षी एका लग्नात वरणाची बादली उचलली. तीन पंगती वाढल्या, शर्टावर तुपाचे डाग पडले, कुणीतरी ओरडून सांगितलं, "सर, इकडच्या रांगेले बट्टी नाही!" घरी येताना ते फार खुशीत होते. त्या आरोळीत पाहुण्याशी बोलतानाची भीड नव्हती.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई बसते. रात्रभर गाणी होतात, सोमवारी वाजतगाजत, फुगड्या घालत विसर्जन होतं. दर्शनाला जरूर जा, ओटी भरा. पण कानबाईच्या रोटांचा प्रसाद बहुतेक घरांत फक्त भाऊबंदांतच खातात, बाहेरच्या कुणाला देत नाहीत. तुम्हाला दिला नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका आणि मागूही नका. मला पहिल्या वर्षी ते लागलं होतं. जिजींनी दुसऱ्या दिवशी मुद्दाम बोलावून आमटी-भात खाऊ घातला आणि कुळाचा नेम समजावला.

शेत आणि घर यांच्या मधली रेघ

तुमच्या घरामागे शेत असेल तर ते कुणाची तरी नोकरीची जागा आहे असं समजा. बांधावरची कैरी, कोपऱ्यातली मिरची, पडलेलं केळ, काहीही न विचारता घेऊ नका. विचारलंत तर पिशवी भरून मिळेल.

शिवाराकडे जाणारा रस्ता कधीही अडवू नका. मी एकदा पाहुणे आले म्हणून गाडी कडेला लावली होती. सकाळी सहाला खिडकीत नाना, "मॅडम, गाडी घ्या बरं बाजूले, बैलं उभे हायेत." मागे दोन बैलगाड्या, एक ट्रॅक्टर आणि कापूस वेचायला निघालेल्या पंधरा-सोळा बायका थांबल्या होत्या. त्यांची मजुरी किलोवर असते. त्यांचे दहा मिनिटं माझ्यामुळे गेले. तेव्हापासून गाडी फाटकाच्या आत.

शेतीपंपाला थ्री-फेज वीज काही आठवडे रात्री असते. मग रात्री दोन वाजता मोटारसायकलचा आवाज येतो, बॅटरीचा उजेड भिंतीवरून फिरतो. पाणी भरायला निघालेला शेतकरी असतो तो. फवारणीच्या दिवशी खिडक्या लावून घ्या, वाळत घातलेले कपडे आत घ्या. आदल्या दिवशी सांगाल का, असं विचारून ठेवलं तर शेजारी सांगतात. सप्ताहात आठ दिवस पहाटेपासून काकड्याचा भोंगा लागतो. मुलांच्या परीक्षा असतील तर मंडळींना आवाज कमी करायला भेटून सांगा, ऐकतात. पोलिसांत फोन करणं हा पहिला मार्ग नव्हे.

ग्रामपंचायत आणि अडीअडचण

घरपट्टी, पाणीपट्टी मार्चच्या आत भरा आणि पावती घ्या. मतदार यादीतलं नाव नमुना ८ चा अर्ज भरून गावात आणा (हा निवडणुकीचा नमुना ८, ग्रामपंचायतीचा वेगळा). शहरात नाव ठेवून गावात दिवे मागायला गेलात तर कुणी मनावर घेत नाही. ग्रामसभा वर्षातून निदान चार होतात, साधारण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवसांना धरून. गणपूर्तीला शंभर मतदार किंवा पंधरा टक्के, यांतलं जे कमी असेल ते लागतं. म्हणजे तुमचं तिथे बसणंही मोजलं जातं. पहिल्या दोन सभांत नुसतं ऐका. आमच्या भागाला घंटागाडी सुरू झाली ती अशीच: आम्ही सात घरांनी एकत्र अर्ज दिला, आणि तो देताना जुन्या गावातल्या दोन गल्ल्यांचीही नावं त्यात घातली.

पावसाळ्यात घराभोवती गवत, विटांचा ढीग, सरपण ठेवू नका. नाग, घोणस, मण्यार, फुरसं चारही इथे सापडतात. रात्री बॅटरीशिवाय अंगणात उतरू नका, मण्यार जमिनीवर झोपलेल्याला चावतो तेव्हा जागही येत नाही. साप चावलाच तर बांधणं, कापणं, मांत्रिक काही नको. हात-पाय हलू न देता १०८ ला फोन आणि थेट सरकारी रुग्णालय. जवळच्या कोणत्या दवाखान्यात सर्पदंशाची लस असते हे राहायला आल्याच्या पहिल्या आठवड्यात चौकशी करून ठेवा. सर्पमित्र, वायरमन, पाणी सोडणारा, शेवटच्या बसची वेळ आणि रात्री शहरातून घेऊन येणारा एक रिक्षावाला, हे सगळं एका कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. मोबाइल बंद पडतो, कागद राहतो.

पहिल्या हिवाळ्यात भरीत करा

एवढं सगळं होईपर्यंत थंडी येईल. नोव्हेंबर संपता संपता भरिताची हिरवी-पांढरी मोठी वांगी बाजारात येतात. जळगावच्या या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. गल्लीतल्या चार-पाच घरांना तुम्ही स्वतः बोलवा. दहा माणसांना पाच किलो वांगी धरा. पऱ्हाटीच्या (कापसाच्या वाळलेल्या झाडांच्या) काड्या नानांच्या शेतात पडलेल्या असतात, विचारून आणा; गॅसवर भाजू नका, ती चव येत नाही. वांग्यांना आधी तेलाचा हात आणि सुईने टोचे, नाहीतर ती फुटतात. काड्यांचा जाळ भराभर लागतो आणि भराभर विझतो, त्यामुळे एक माणूस वांगी उलटायला आणि एक काड्या टाकायला हवा. हिरवी मिरची आणि लसूण वेगळे भाजा. सोललेली वांगी लाकडी बडगीत मिरची-लसणासोबत ठेचायची, मग कांद्याची पात, शेंगदाणे, खोबरं, कोथिंबीर आणि वरून तेलाची फोडणी. सोबत कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) पुऱ्या किंवा भाकरी. पुऱ्या तुम्हाला जमणार नाहीत, कळण्याचं पीठ चिवट असतं. ते काम जिजींवर सोडा. तुम्ही वांगी सोलायला बसा आणि शेजारी गार पाण्याची वाटी ठेवा, बोटं भाजतात.